पेशीपटल फाटलं तर ते सांधण्यात मोटर प्रथिनांचं काय काम? स्रावाशी त्याचा संबंध काय?

मोटर प्रथिनं म्हणजे पेशीच्या आत सामान वाहून नेणारी प्रथिनं. दोन्हीकडे त्यांचं काम एकच: पुटिका, म्हणजे पटलाच्या इवल्या पिशव्या, पेशीपटलापर्यंत पोचवणं. कायनेसिन हे मोटर प्रथिन त्यांना पेशीतल्या रुळांसारख्या सूक्ष्मनलिकांवरून 8-8 नॅनोमीटरची पावलं टाकत कडेला आणतं, पुढे ॲक्टिन तंतूंच्या दाट जाळ्यातून मायोसिन हे दुसरं मोटर प्रथिन नेतं. अंधेरीपर्यंत लोकल आणि स्टेशनबाहेरून रिक्षा, तसं. 1997 साली जिवंत पेशींना मुद्दाम जखम करून हे पाहिलं गेलं. कायनेसिन अडवलं तेव्हा पुटिका पटलात मिसळून रित्या होण्याचा (म्हणजे स्रावाचा) फक्त संथ टप्पा थांबला, मायोसिन अडवल्यावर मात्र जलद टप्पाही. दोन्ही वेळा जखम सांधणं अडलं, आणि मला हा पुरावा फार सुंदर वाटतो. एक लक्षात ठेवा, मोटर फक्त वाहतूक करतात. पुटिका पटलात मिसळण्याचा इशारा फटीतून आत शिरलेलं कॅल्शियम देतं आणि प्रत्यक्ष जोडणी स्नेअर प्रथिनं करतात.