घरी भरलेल्या काडतुसांमुळे रायफलचा झिरो सरकतो का? स्कोप नीट कसा लावायचा?

तुम्ही लिहिलंय की टेक्सासमध्ये .३०८ (हे काडतुसाचं माप) रायफल घेतली, दुकानातूनच स्कोप म्हणजे नेम धरायची दुर्बीण बसवून आणला, घरी पन्नास काडतुसं भरली, आणि आता शंभर यार्डांवर केलेला झिरो (स्कोपची फुली जिथे, गोळी तिथेच लागणं) पुढच्या शनिवारी दोन-तीन इंच बाजूला सरकलेला असतो. वर रेंजवरचे सगळे सांगतायत की घरच्या गोळ्या टाकून दे. टाकू नका. निदान आधी स्कोपखालचे स्क्रू बघा. 'घरच्या गोळ्या टाकून दे' हे मीही दोन वर्षं ऐकून घेतलंय आणि चूक माझ्या गोळ्यांची नव्हती, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चालवून घ्या.

आमचं घर कोल्हापूरचं, गुजरीत अण्णांचं सोनारकाम. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. दुकान उघडलं की अण्णा पहिल्यांदा रिकामा काटा बघायचे, पारडी फडक्याने पुसायचे, ठरलेलं वजन टाकून तपासायचे, आणि ते होईपर्यंत गिऱ्हाईक कितीही घाईतलं असो, त्याने थांबायचं. एखादा दागिना वजनात कमी भरला की म्हणायचे, "आधी काटा बघ, मग माल बघ." इथे अमेरिकेत काडतुसाची पावडर ग्रेन नावाच्या बारीक वजनात तोलतात, आणि जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे एक गुंज जवळपास दोन ग्रेनची. मी बघतो ०.१ ग्रेनपर्यंत, म्हणजे गुंजेचा साधारण विसावा भाग. एसीचा झोत लागला तरी डिजिटल काट्यावरचा आकडा हलतो, म्हणून मी भरायला बसलो की गॅरेजमधला पंखाही बंद, घाम आला तरी बंद, आणि दर दहा काडतुसांमागे तपासणीचं वजन ठेवून बघतो. हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की 'घरच्या गोळ्या, दुसरं काय' असं कुणी सहज म्हटलं की माझ्या डोक्यात जातं.

म्हणणारा होता माझा रेंजवरचा मित्र, नागपूरकडचा, माझ्याआधी पाच-सहा वर्षं शूटिंग करणारा. माझा झिरो सरकायला लागला तेव्हा त्याने माझं काडतूस हातात घेतलं, फिरवून बघितलं, आणि चार लोकांसमोर म्हणाला की असल्या वस्तू घरी करायच्या नसतात. तो अनुभवी, मी नवा. ऐकलं मी. घरी येऊन ऐंशी काडतुसं फोडली. प्लास्टिकचा हातोड्यासारखा पुलर असतो, त्यात काडतूस उलटं धरून काँक्रीटवर दणके द्यायचे, की बुलेट सुटते आणि पावडर आत जमा होते. रात्री अकरापर्यंत गॅरेजमध्ये तेच चाललं होतं, बायको दोनदा येऊन बघून गेली. प्रत्येक पावडर परत तोलली. एकसुद्धा ठरलेल्या वजनापासून ०.१ च्या पलीकडे नव्हती. मग दुकानातली महागडी मॅच (स्पर्धेची) काडतुसं आणली, तर त्यांचाही ग्रुप, म्हणजे एका नेमावर पडलेल्या भोकांचा पुंजका, पुढच्या शनिवारी बाजूला! तरी मित्राचं उत्तर तयार, तुझ्या गोळ्यांनी बॅरल खराब झालं.

त्या रात्री मला अण्णांचं वाक्य आठवलं. इतके दिवस सगळे माल बघत होते, काटा कुणी बघितलाच नव्हता, मीसुद्धा नाही. स्कोप आणि तो धरणाऱ्या रिंगा उतरवल्या, खाली बेस होता, म्हणजे रायफलवर स्क्रूने बसवलेली पट्टी. वहीच्या कागदाची पट्टी फाडून बेसच्या पुढच्या टोकाखाली सरकवली, तर ती सरळ आत गेली, निम्म्या बेसपर्यंत. आणि पुढचा स्क्रू तर घट्ट! पाना लावला तर आणखी आवळेना. काढून मागच्या स्क्रूशेजारी ठेवला तेव्हा कळलं, पुढचा दोन आटे लांब होता. पुढचं भोक उथळ असतं, तिथे लांब स्क्रू बेसला दाबायच्या आधीच तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो पण बेस मोकळाच राहतो, आणि दर धक्क्याला केसभर सरकतो. बसवणाऱ्याने पुढचे-मागचे स्क्रू अदलाबदल केले होते, बस.

योग्य स्क्रू लावला, भोकातलं तेल पुसून काढलं, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकाच आवळणारा पाना) आवळला, आणि तीच पावडर, तेच वजन, तीच बुलेट घेऊन परत भरलं. शंभर यार्डांवर पाच भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील अशी पडली. पुढच्या शनिवारीही तिथेच, त्याच्या पुढच्याही. मित्र म्हणाला, आज वारा नव्हता. तो टार्गेटचा कागद मी अजून बेंचच्या वर लावून ठेवलाय.

आता तुमचं. बेसचे स्क्रू बघून झाले की रिंगांचे बघा, किती आवळायचं तो आकडा कंपनीच्या कागदावर दिलेला असतो, तेवढाच, जास्त आवळलं तर स्कोपची नळी चेपते. मग रायफल रिकामी आहे हे बघून बोल्ट (मागचा सरकता दांडा) काढा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, मागून बॅरलमधून बघत २५ यार्डांवरचं टार्गेट मध्यात धरा आणि रायफल न हलवता स्कोपची फुली तिथे आणा. तीन गोळ्या झाडा, दुरुस्त करा, मग १०० वर जा. स्कोपचा टरेट (फुली हलवायची चकती) एकेक क्लिक फिरतो. पाव मिनिटाचा (हे कोनाचं मिनिट) क्लिक असेल तर १०० यार्डांवर एका इंचाला चार क्लिक, २५ वर त्याच इंचाला सोळा. इथे बरेच जण फसतात, २५ वरही चारच फिरवतात आणि स्कोप खराब आहे म्हणतात. आणि कृपा करून एकेका गोळीमागे टरेट फिरवू नका, पाच झाडा, त्यांचा मध्य काढा, मग फिरवा. मधे बॅरल गार होऊ द्या. स्कोपवरच शंका असेल तर एकाच जागी नेम धरून वर २०, उजवीकडे २०, खाली २०, डावीकडे २० क्लिक द्या, प्रत्येक कोपऱ्यावर झाडा, शेवटची गोळी पहिल्या ग्रुपमध्ये यायला पाहिजे. नाही आली तर स्कोप परत करा.

आता गोळीचा दोष कधी असतो तेही सांगतो. पावडर कमीजास्त झाली तर ग्रुप मुख्यतः उभा पसरतो. पण ग्रुप घट्ट आणि सगळाच्या सगळा सरकलेला, हे तुमचं लक्षण, ते बहुतेक वेळा माउंटिंगचं, म्हणजे स्कोप बसवण्यातलं असतं. स्वस्त पडेल म्हणून भरत असाल तर नका भरू. पैसे वाचत नाहीत, माणूस जास्त झाडतो.

राहिलेलं थोडं. बेंचवर एका वेळी पावडरचा एकच डबा. वजनं छापील लोड मॅन्युअलमधून, सुरुवातीच्या आकड्यापासून वर, इंटरनेटवर कुणी सांगितलेली (माझीही) घेऊ नका. रायफलच्या केसमध्ये (काडतुसाचं पितळी नळकांडं) बहुतेक पावडरी दुप्पट पडल्या तर सांडून कळतं, पण ९ एमएम (पिस्तुलाचं काडतूस) भरायला घ्याल तेव्हा दुप्पट पावडर आत मावते आणि वरून कळतसुद्धा नाही, तेव्हा बुलेट बसवायच्या आधी प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारून बघा. आवाज दबका आला की थांबा, बॅरलमध्ये गोळी अडकलेली नाही हे बघितल्याशिवाय पुढची झाडू नका. दुसऱ्याने भरलेली गोळी झाडू नका, माझी असली तरी. स्वतःसाठी भरायला इथे फेडरल लायसन्स लागत नाही, विकायची असेल तर लागतं.

आणि हे खरं तर आधी लिहायला हवं होतं, तुम्ही एच-वन व्हिसावर असाल तर बंदूकच काय, काडतूस बाळगणंही फेडरल कायद्यात बंद आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे थोडेच अपवाद आहेत. ग्रीन कार्ड असेल तर ती अडचण नाही. वकिलाला विचारा, रेंजवरच्या माणसाला नको. आणि भारतात कुणी हे वाचत असेल तर १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे लायसन्सशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, तिकडे हे घरी करायचं नाही.

स्क्रू काढलेत की पुढचे आणि मागचे वेगवेगळे ठेवून लांबी मोजा आणि इथे खाली लिहा.