मी तर इडली-डोसाच खाते!

"मॅडम, गव्हाला मी हात लावत नाही. बाहेर गेले तरी इडली-डोसाच. मग रिपोर्ट असा का?"

२६ वर्षांची मुलगी, परळला नोकरी, डोंबिवलीहून रोजची लोकल. सिलिअॅक आजाराचं, म्हणजे गव्हासारख्या धान्यातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते त्या आजाराचं, निदान होऊन वर्ष झालेलं. पोट अधूनमधून फुगायचंच, थकवा जात नव्हता आणि रक्ततपासणीतला टीटीजी अँटिबॉडीचा (ग्लुटेन पोटात जात राहिलं की चढा राहणारा) आकडा हवा तितका उतरत नव्हता. कुठून तरी ग्लुटेन पोटात जातंय, शोधा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईने त्यावर सोपा तोडगा काढला: बाहेरचं बंद. ऑफिसात कुणाची पार्टी असली की डोकं दुखतंय म्हणून ही जागेवर बसून राहायची. समुपदेशनाला ती खरं तर त्यासाठी आली होती.

बाहेर खाणं कायमचं सुटलं का, हे जवळपास प्रत्येक सिलिअॅक रुग्ण विचारतो. सुटलेलं नाही. पण नुसत्या पदार्थाच्या नावावर विसंबता येत नाही. तो कशावर भाजला, कशात तळला, फोडणीत काय पडलं, हे माहीत हवं.

महिनाभरात बाहेर काय खाल्लं ते तिला लिहायला सांगितलं. साधा डोसा-सांबार, पाव न घेता बटाटावडा, साबुदाणावडा, शेजवान राइस. गव्हाचं एकही नाव नाही, आणि तरी एकही पदार्थ निर्धोक नाही.

डोशाचा तवा बघा. आचारी पाण्याचा शिपका मारतो, झाडूने तवा पुसतो आणि पीठ पसरतो. आधीचा रवा डोसा असेल तर त्यात रवा आणि बहुधा मैदाही. तोच झाडू ते कण पुढच्या डोशाखाली नेतो. काही ठिकाणी त्याच तव्यावर बटर लावून पावही भाजतात. इडली साच्यात, वाफेवर होते म्हणून बरी. फक्त रवा इडली नाही ना, एवढं विचारायचं. सांबाराची गोष्ट वेगळी. खडा हिंग फार उग्र, म्हणून बांधानी हिंगात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं. ते पीठ कधी तांदळाचं, पुष्कळदा गव्हाचं. हॉटेलातल्या डब्यावरचं लेबल कोण वाचतंय!

बटाटावड्याचं आवरण बेसनाचं, पण कढई समोशाची. तळल्याने ग्लुटेन जळून जात नाही. उपवासाच्या वड्याची कढई वेगळीच असणार, हेही विचारल्याशिवाय धरू नये. शेजवान राइसमध्ये सोया सॉस, आणि तो बहुतेकदा गहू घालूनच बनतो.

"इतकंसं कशाने बाधेल?" असं तिची आई म्हणाली. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसतं, असं मानतात. मैद्यात दहा टक्के ग्लुटेन धरलं, तर १०० मिलिग्रॅम मैद्यातच ते भरलं. चिमटीत त्याहून जास्त मैदा येतो. आणि पोट दुखलं नाही म्हणजे आतड्याला काही झालं नाही, असंही नसतं.

विचारायचं कसं, यावर दोन बैठका गेल्या. "हे ग्लुटेन-फ्री आहे का?" या प्रश्नाला वेटर हो म्हणून मोकळा होतो. "गहू चालत नाही" हेही अर्धवट, कारण गर्दीच्या वेळी रवा-मैदा गव्हाचाच हे कुणाच्या डोक्यात येत नाही. तिने वाक्य पाठ केलं: "भैया, गेहूँ, मैदा, रवा, सूजी कुछ नहीं चलेगा, बीमार पड़ती हूँ." पहिल्या चार वेळा सुरुवात "सॉरी हां" अशी झाली. ते सॉरी काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला. एरवी मुंबईतली हॉटेलं जैन ऑर्डर बिनतक्रार घेतात. वेगळं सांगणारं गिऱ्हाईक त्यांना नवं नाही. मात्र 'जैन' म्हणजे सुरक्षित नव्हे. कांदा-लसूण नाही म्हणून तिथे हिंग उलट जास्त पडतो.

फोन आदल्या दिवशी, दुपारी ३ ते ५ मध्ये करायचा; तेव्हा आचाऱ्याला विचारून यायला मॅनेजरला सवड असते. पुढच्या टीम लंचला जागा तिनेच सुचवली, एक मालवणी खानावळ. तिखलं आणि भात. तळलेला मासा नको, कारण रव्यात घोळवलेल्या माशांचंच तेल. हिंग आणि कालवणाला लावायचं पीठ, दोन्ही फोनवरच विचारून झालं होतं. पर्समध्ये राजगिऱ्याचा लाडू, जमलं नाही तर उपाशी राहायला नको म्हणून.

तरी घोळ झालाच. वेटरने सवयीने भातावर चपाती ठेवली. हिने ती उचलून बाजूला केली आणि तोच भात खाल्ला, कारण सगळे बघत होते. चपाती उचलली तरी सुकं पीठ भातावर राहतं. अशा वेळी ताट बदलूनच मागायचं, आणि चपाती उचलून तेच ताट परत आणू नये म्हणून पहिलं ताट नवं येईपर्यंत समोरच ठेवायचं. पुढच्या बैठकीत याचीच तालीम घेतली. "परत बनवून आणा" हे तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज जरा उतरला, पण वाक्य पुरं झालं.

इडलीबरोबर आता ती फोडणी न घातलेली चटणी मागते. सांबार रविवारी घरीच होतं, तांदळाचं पीठ असलेला हिंग घालून.