टाइट जंक्शनवर नवीन काम सुरू करताना

टाइट जंक्शन, म्हणजे शेजारच्या पेशींमधली फट बंद करणारे जोड, हा विषय मस्त निवडलायस, आणि वाटतो तितका अवघड नाहीये. या जोडांमधल्या क्लॉडिन प्रोटीनची सगळी नावं पाठ करत बसू नको, वीसच्या वर आहेत ती. आत्ता फक्त ऑक्लुडिन (तिथलंच आणखी एक प्रोटीन), क्लॉडिन आणि त्यांना आतून अ‍ॅक्टिनशी (पेशीच्या आतल्या तंतूंशी) बांधून ठेवणारं झेडओ-१ हे प्रोटीन एवढं धर. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, सगळे क्लॉडिन फट बंद करत नाहीत, क्लॉडिन-२ तर उलट सोडियम आणि पाण्याला वाट करून देतं, त्यामुळे ते वाढलं म्हणजे आतड्याचं अस्तर घट्ट झालं असं लिहिलंस तर अर्थच उलटा होईल.

काको-२ पेशी (आतड्याच्या अस्तरासारख्या वागणाऱ्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी) वापरणार असशील तर धीर धर. थर भरलेला दिसला की लगेच प्रयोग लावायची घाई नवीन लोक हमखास करतात, पण या पेशी नीट तयार व्हायला साधारण २१ दिवस लागतात.

टीईईआर, म्हणजे पेशींच्या थराचा विद्युत रोध, मोजताना हे सांभाळ:
- रिकाम्या इन्सर्टचं (सच्छिद्र पडद्याचा कप, ज्यात पेशी वाढवतो) रीडिंग वजा कर, मग पडद्याच्या क्षेत्रफळाने गुण. भागायचं नाही!
- इन्क्युबेटरमधून काढल्या काढल्या मोजू नको, तापमान बदलतं तसा आकडाही बदलतो, दर वेळी सारखाच वेळ थांब.
- कॅल्शियम नसलेल्या पीबीएसमध्ये (पेशी धुवायच्या खारट द्रावणात) पेशी जास्त वेळ ठेवू नको, पेशी एकमेकींना चिकटवणाऱ्या ई-कॅडहेरिन प्रोटीनला कॅल्शियम लागतं, ते नसलं की जंक्शन सुटतात आणि आपल्याला वाटतं औषधाचाच परिणाम झाला.

आणि नुसत्या वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन किती आहे ते दाखवणाऱ्या चाचणीवर) विसंबू नको. कधीकधी प्रोटीन तेवढंच असतं पण पेशीच्या कडेवरून आत सरकलेलं असतं, ते स्टेनिंगमध्येच, म्हणजे प्रोटीन रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावरच, कळतं. फॉस्फोरिलेशन (प्रोटीनला फॉस्फेट जोडलं जाणं) वगैरे नंतर बघू, आधी ब्लँक (रिकामं इन्सर्ट) आणि कंट्रोलची (औषध न दिलेल्या पेशींची) रीडिंग घे.