दूध एकजीव दिसतं, मग गुण का गेला?

प्रश्न : आठवीतल्या मुलाने चाचणीत ‘दूध हे समांगी मिश्रण आहे’ असं लिहिलं आणि गुण गेला. दुधात तर डोळ्यांना काहीच वेगळं दिसत नाही. मग ते विषमांगी कसं?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, गुण गेला तो बरोबरच गेला. समांगी म्हणजे सगळीकडे अगदी एकसारखं, विषमांगी म्हणजे तसं नसलेलं. पण डोळ्यांवर विश्वास ठेवला म्हणून पोराला रागावू नका. दुधात स्निग्धांशाचे थेंब आणि प्रथिनांचे कण पाण्यात नुसते पसरलेले असतात, विरघळलेली असते ती त्यातली साखर. तापवलेल्या दुधावर सकाळी साय धरते. मिठाच्या पाण्यातलं मीठ असं वर येऊन बसत नाही. कण विरघळत नाहीत आणि तळालाही बसत नाहीत, अशा दुधासारख्या विषमांगी मिश्रणाला कलिल म्हणतात.

पावसाळ्यातलं कृष्णेचं पाणी आम्ही घागरीत भरून ठेवायचो. रेती लगेच तळाला बसायची, ते निलंबन. वरचा गढूळपणा मात्र तुरटी फिरवल्याशिवाय हटायचा नाही. ती बारीक माती म्हणजे पुन्हा कलिलच.

ओळखायचं कसं? अंधारात बॅटरी मारून. खऱ्या द्रावणातून, म्हणजे मिठाच्या पाण्यासारख्या पूर्ण विरघळलेल्या मिश्रणातून, प्रकाश आरपार जातो, पट्टा दिसत नाही. कलिलात दिसतो, कारण कण प्रकाश विखुरतात. याला टिंडल परिणाम म्हणतात.

हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात करायचे. एकदा मीठ आणायचं विसरले, म्हणून डब्यातला गूळ पाण्यात विरघळवून गाळून घेतला. म्हटलं, हेही द्रावणच! खिडक्या लावून बॅटरी मारली तर ग्लासात लख्ख पट्टा. माझी बोलती बंद. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, “बाई, भेंडी कमी पडली असंल त्याला.” त्याच्या घरचं गुऱ्हाळ होतं. उकळत्या काहिलीत भेंडीचं चिकट पाणी ओततात, मग रसातली घाण मळी होऊन वर येते आणि ती झाऱ्याने काढतात. तरी थोडे बारीक कण गुळात उरतातच. कलिल शिकवावं तर त्या पोरानेच.

तुम्ही घरी एका ग्लासात मिठाचंच पाणी घ्या. दिवे घालवा, पुठ्ठ्याला दाभणाने भोक पाडून मोबाइलच्या बॅटरीसमोर धरा. शेजारच्या ग्लासभर पाण्यात दूध तीन-चार थेंबच टाका. जास्त झालं तर सगळा ग्लासच पांढरा उजळतो आणि पट्टा हरवतो.