टीबीच्या पीएच.डी.साठी आरएनए-सेकचं विश्लेषण शिकायचंय, तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स पुरेल का?

आरएनए-सेक म्हणजे कुठलं जनुक किती चालू आहे हे आरएनएवरून मोजणं. त्याच्या कमांड तीन महिन्यांत येतील. दोन गटांत कोणत्या जनुकांत फरक आहे ते शोधणारं डीईसेक२ सॉफ्टवेअर चालवाल, तो फरक दाखवणारा व्होल्केनो प्लॉटही देखणा निघेल. माझाही निघाला होता. तुमच्या प्रश्नाने जुनी खपली निघाली, म्हणून लिहितेय.

पुण्यात पीएच.डी. करत होते. टीबीचे १२ रुग्ण, १२ निरोगी, सगळ्यांच्या रक्तातला आरएनए. रुग्णांची सॅम्पल दिवाळीआधी आली, आरएनएही तेव्हाच काढला. निरोगी माणसं दिवाळीनंतर शोधायला घेतली आणि सापडली कुठे, तर आमच्याच हॉस्टेलवर. संमतीपत्रावर सही करून पोरी भराभर हात पुढे करायच्या. पीसीए, म्हणजे सारखी सॅम्पल जवळ मांडणारा आलेख, काढला तर दोन गट कसे स्वच्छ वेगळे! सरांनी पेढे मागवले.

त्या रात्री फरक दिसलेल्या जनुकांची यादी वरून वाचायला बसले. पहिलंच नाव एक्सआयएसटी, हे बायकांमध्ये चालू असणारं. पाठोपाठ आरपीएस४वाय१, डीडीएक्स३वाय, दोन्ही पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरची. वाचून हसू आलं असेल तर तुमचा पाया पक्का आहे. आमचे रुग्ण बहुतेक पुरुष, कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे निरोगी, बहुतेक मुली. पेढे खाल्ले ते बाई-पुरुष ओळखणाऱ्या बायोमार्करचे.

मग मॉडेलमध्ये लिंग घातलं. दिवाळीनंतरचं आरएनए काढायचं किट नव्या लॉटचं होतं, म्हणून बॅचही, म्हणजे कोणतं सॅम्पल कोणत्या खेपेतलं तेही, घातली. डीईसेक२ने एरर दिला: मॉडेल मॅट्रिक्स फुल रँक नाही. दोन दिवस त्याला वळसा घालायची वाट शोधत होते. तिसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला. सगळे रुग्ण जुन्या लॉटमध्ये, सगळे निरोगी नव्या. फरक टीबीचा की किटचा, हे कुठलं सॉफ्टवेअर सांगणार?

सर म्हणाले, "अगं, स्टॅटिस्टिक्सने काढून टाक ना. तुझंच सॉफ्टवेअर कच्चं आहे, एखादं वर्कशॉप कर."

केलं. पाच दिवस, पहिल्या सकाळपासून लॅपटॉप उघडे आणि हातात धुऊन-पुसून ठेवलेला डाटा. रक्त कुणाचं, नळी कधी भरली, आरएनए कुणी काढला, एकानेही विचारलं नाही. माझं मत तेव्हापासून ठाम आहे: हे शिक्षण रक्त काढायच्या खुर्चीपाशी सुरू व्हायला हवं. लॅपटॉप तिसऱ्या दिवशी उघडा. आधी कागदावर तक्ता करा, कोणतं सॅम्पल कोणत्या दिवशी, कोणत्या लॉटने, आणि दर बॅचमध्ये रुग्ण-कंट्रोल मिसळलेले.

रक्त घेताना सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणीही करून घ्या. टीबीत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात. जनुक जास्त बोलतंय की त्या पेशीच जास्त झाल्यात, हे मोजणीशिवाय कळत नाही. २०१० मधला 'नेचर'मधला टीबीवरचा ३९३ ट्रान्स्क्रिप्टवाला (ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे जनुकाची आरएनए प्रत) पेपर वाचाच. लंडनच्या रुग्णांवर काढलेली यादी त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांवर तपासली, आणि इंटरफेरॉनचा, म्हणजे संसर्ग झाल्यावर पेशी देतात त्या इशाऱ्याचा, जोर मुख्यतः न्यूट्रोफिलमध्ये दिसला. पण इंटरफेरॉनची जनुकं फ्लूमध्येही चढतात. दवाखान्यात डॉक्टरला टीबी की निरोगी असा प्रश्न पडतच नाही, टीबी की दुसरा कुठला खोकला असा पडतो. तेव्हा दुसऱ्या आजाराचाही गट घ्या.

हां, कोर्स. आर ही प्रोग्रामिंगची भाषा येत नसेल तर गॅलेक्सी या वेबवर विश्लेषण करायच्या साधनाचं प्रशिक्षण साहित्य फुकट आहे, तिथून सुरू करा. वरच्या पेपरचा डाटा जीईओ या खुल्या डाटा-भांडारात जीएसई१९४९१ या क्रमांकाने आहे. तो मायक्रोअरे या आरएनए-सेकच्या आधीच्या तंत्राचा, त्याला आरमधलं लिमा वापरा. जनुकांची यादी मात्र एक्सेलमध्ये उघडू नका. मार्च१ या जनुकाची तिथे तारीख व्हायची, शेवटी २०२० मध्ये अशा जनुकांची नावंच बदलावी लागली.

एक कबुली द्यायला हवी. बॅच आणि गट थोडे तरी मिसळलेले असतील तर बॅच मॉडेलमध्ये घालून निभावतं, म्हणजे सरांचा सल्ला अगदीच चुकीचा नव्हता. आमच्या डाटाला लागू नव्हता, एवढंच मी सांगत होते, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

रुग्णांची दुसरी नळी उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये शिल्लक होती म्हणून वाचले. कंट्रोल नव्याने, वय-लिंग जुळवून घेतले आणि दर बॅचमध्ये रुग्ण-कंट्रोल मिसळून आरएनए पुन्हा काढला. आठ महिने गेले. तुमची सॅम्पल अजून घेतली नसतील तर फी भरण्याआधी तक्ता करून इथे खाली टाका, मी बघते.