फिनलंड-स्वीडन सीमेवरची तोर्निओ आणि हापरांडा ही दोन गावं एका गावासारखी चालतात. तिथली माणसं एवढी समजूतदार कशी?

मी तोर्निओत, म्हणजे फिनलंडच्या बाजूला राहते, म्हणून लिहिते. समजूतदारपणाचा इथे फारसा संबंध नाही, खर्चाचा आहे. हापरांड्यात दहा हजारही लोक नाहीत, तोर्निओत वीसेक हजार. एवढ्याशा वस्तीला प्रत्येक गोष्ट वेगवेगळी कुठून परवडणार? दोन्ही गावांचं सांडपाणी हापरांड्यातल्या एकाच प्रकल्पात जातं. 1987 पासून दोन्ही नगरपालिकांची संयुक्त संस्था आहे. मधल्या नदीतल्या सामन माशाचे नियमही दोन देश मिळून ठरवतात, कारण एकाने सगळा धरला तर दुसऱ्याला काय उरणार? पलीकडच्या दुकानांत युरो चालतो. घड्याळ मात्र एक तास मागे, त्याची महिनाभरात सवय होते.

आता 2020 चं सांगते. मार्चमध्ये फिनलंडने सीमेवर तपासणी सुरू केली, एप्रिलमध्ये नियम आणखी आवळले आणि दोन गावांच्या मध्ये चक्क जाळीचं कुंपण उभं राहिलं. आमच्या शेजारच्या आजींची धाकटी बहीण हापरांड्यात राहते. दोघी एरवी दर रविवारी एकमेकींकडे कॉफीला जायच्या. मी आजींना गाडीने कुंपणापाशी नेलं. बर्फ अजून वितळायचा होता. आजींनी वेलदोड्याच्या पावाची पिशवी जाळीवरून पलीकडे दिली, बहिणीने हात उंचावून घेतली आणि मग दोघी बराच वेळ गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत राहिल्या. आजूबाजूला अशाच जोड्या उभ्या. कुणी नातवंडांना बघत होतं, कुणी नुसतंच हात हलवत होतं. मला इतका संताप आला होता की गाडीत बसल्यावर बोलवेना. साथ होती, मान्य. पण इथल्या माणसांना न विचारता हे राजधानीत ठरलं, आणि त्याच वेळी दोन्ही गावांचं सांडपाणी जमिनीखालून एकाच ठिकाणी जातच होतं.

माझे दीर नेहमी म्हणतात, "वहिनी, तिकडची माणसंच वेगळी, आपल्याकडे असलं जमणार नाही." भाऊजी, माणसं तीच असतात हो. कुंपण घालायला यांना एक रात्र पुरली. मग टिकलं काय? ज्याच्यावाचून दोघांचंही अडतं ते. आणखी उत्तरेला बघा. 1993 मध्ये नॉर्वेतल्या किर्कनेसला बॅरेंट्स परिषद, म्हणजे नॉर्डिक देश आणि रशिया यांच्या सहकार्याचा मंच, मोठ्या गाजावाजाने स्थापन झाली, 2023 मध्ये रशिया तिच्यातून बाहेर पडला. पण नॉर्वे आणि रशियाचा मासेमारी आयोग सत्तरच्या दशकापासून आहे आणि युक्रेन युद्ध सुरू झाल्यावरही दोघं मिळून बॅरेंट्स समुद्रातल्या कॉड माशाचा कोटा ठरवत राहिले. त्यांच्यात प्रेम उतू चाललंय म्हणून नव्हे, मासा सीमा ओलांडतो म्हणून. त्यामुळे या विषयावर काही लिहिणार असाल तर शिखर परिषदांचे फोटो बाजूला ठेवा. पाइप कोणाचा, बिल कोण भरतं, ते आधी विचारा.

हां, एक सांगायला हवं: भाषेचाही हात आहे. हापरांड्यात फिनिश बोलणारे भरपूर आहेत आणि 1809 पर्यंत हा सगळा मुलूख स्वीडनच्याच राज्यात होता, त्यामुळे नातीगोती आधीपासूनचीच. आणि ही सगळी मोकळीक मुख्यतः नॉर्डिक आणि युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांसाठी आहे. आपल्या भारतीय पासपोर्टवर फिनलंडचा परवाना असला तर पलीकडे खरेदीला, फिरायला खुशाल जा, पण नोकरी करायची तर स्वीडनचा वेगळा परवाना काढावा लागतो. पूल पायी ओलांडायला काही मिनिटं लागतात, कागदपत्रांना मात्र महिने.