गावच्या घरी चार कॅमेरे आहेत, पुण्यातून मोबाइलवर बघायला किती स्पीडचं इंटरनेट लागेल?

आधी अपलोड स्पीड बघा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात डाउनलोडच लिहिलेला असतो, पण तुमच्या गावच्या घरातून चित्र बाहेर पाठवायचंय, म्हणजे सगळा भार अपलोडवर.

दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा एच.२६४ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची जुनी पद्धत) साधारण ४ एमबीपीएस घेतो, एच.२६५ या नव्या पद्धतीत जवळपास निम्मं. म्हणजे चारही कॅमेरे पूर्ण क्वालिटीत एकदम बघायचे तर ८ ते १६ एमबीपीएस अपलोड हवा. पण मोबाइलच्या चार छोट्या चौकटींत एवढं कशाला? डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) प्रत्येक कॅमेऱ्याचा सब-स्ट्रीम, म्हणजे कमी क्वालिटीचं हलकं चित्र, असतो; तो ५१२ केबीपीएसवर, म्हणजे अर्ध्या एमबीपीएसवर ठेवा. चारांचे मिळून २ एमबीपीएस होतात. काही संशयास्पद दिसलं की तेवढा एकच कॅमेरा मेन स्ट्रीमवर, म्हणजे पूर्ण क्वालिटीत उघडायचा. त्यामुळे ५-६ एमबीपीएसचा स्थिर अपलोड तुम्हाला पुरे. घरी फायबर येत असेल तर डोळे झाकून तेच घ्या.

सिमवाला राउटर लावणार असाल तर स्पीडपेक्षा डेटाचा हिशोब महत्त्वाचा. चारही सब-स्ट्रीम तासभर उघडे ठेवले तर सुमारे ९०० एमबी जातात, रोजचा दीड जीबी दोन तासही टिकत नाही. डीव्हीआरच्या हार्डडिस्कवरच्या रेकॉर्डिंगला मात्र इंटरनेट लागतच नाही. सतत चालणारं क्लाउड रेकॉर्डिंग (इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर साठवणं) मात्र चोवीस तास डेटा ओढतं, सिमवर ते चालू करू नका.

आणि राउटर, डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांचा वीजपुरवठा, तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. गावाकडे लाइट गेली की स्पीड कितीही असो, काही दिसणार नाही.